पार्कचं तिकीट न काढता डिस्ने वर्ल्ड : अ‍ॅनिमल किंगडम लॉजमधला मुक्काम

मुलांकडे अमेरिकेत आलेल्या आमच्या वयाच्या बहुतेक आईवडिलांपुढे डिस्ने वर्ल्डचा विषय कधी ना कधी निघतोच. मुलांना वाटतं, आईबाबा एवढ्या लांब आलेत तर दाखवायलाच हवं. आईबाबांना तिकिटाची किंमत रुपयांत कळली की घास घशाखाली उतरत नाही. शिवाय दिवसभर रांगांमध्ये उभं राहायचं म्हटलं की गुडघ्यांचा विचार आधी येतो. माझं सांगणं सरळ आहे. फ्लॉरिडाला जरूर जा, डिस्नेच्या आवारातच राहा, पण पार्कांची तिकिटं काढायलाच हवीत असं मानू नका. आम्ही दोघांनी ती काढली नाहीत, आणि अमेरिकेत पाहिलेल्या सगळ्यांत मला हाच मुक्काम सर्वांत जास्त आवडला.

मी सांगलीत शाळेत चित्रकला शिकवायचे, आता निवृत्त आहे. यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे. लेक-जावई टॅम्पाला राहतात, तिथून डिस्ने वर्ल्ड गाडीने दीडएक तासावर. आम्ही गेलो २०२४ च्या डिसेंबरात. हवा आपल्याकडच्या दिवाळीनंतरच्या दिवसांसारखी असते, सकाळी स्वेटर आणि दुपारी नुसती ओढणी. उन्हाळ्यात तिथे फार दमट असतं आणि दुपारी पाऊस कोसळतो असं लेक सांगते, तेव्हा वडीलधाऱ्यांना न्यायचं तर हिवाळ्यातच न्या.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण मलाही जाईपर्यंत कल्पना नव्हती. डिस्ने वर्ल्ड म्हणजे एक बाग आणि तिच्याभोवती कुंपण असं नाही. १ ऑक्टोबर १९७१ ला सुरू झालेलं हे ठिकाण सुमारे २५,००० एकरांत पसरलं आहे. त्यात चार मोठी पार्क, दोन वॉटर पार्क आणि दोन डझनांहून जास्त हॉटेलं आहेत. मधे तळी आहेत, झाडी आहे. एका ठिकाणाहून दुसरीकडे जायला बस, लाँच, मोनोरेल आणि हवेतून तारेवर जाणारे पाळणे आहेत. या कशालाच तिकीट लागत नाही. तिकीट लागतं ते पार्कच्या फाटकातून आत जायला. त्या फाटकाबाहेरही बघण्यासारखं इतकं आहे की आमचे दिवस पुरले नाहीत.

आम्ही उतरलो ते अ‍ॅनिमल किंगडम लॉजमध्ये. नावावरून घोटाळा होतो म्हणून सांगते, अ‍ॅनिमल किंगडम नावाचं पार्क जवळच आहे, पण हे लॉज त्याच्या आत नाही. लॉजचे दोन भाग आहेत. जांबो हाउस २००१ मध्ये उघडलं, किदानी व्हिलेज २००९ मध्ये. पीटर डॉमिनिक नावाच्या वास्तुविशारदाने जांबो हाउसची आखणी केली. इमारतीच्या लांब बाहू वळत वळत गेल्या आहेत आणि त्यांच्या कुशीत मोठी कुरणं मोकळी सोडली आहेत. कुरणांत जिराफ, झेब्रे, वाइल्डबीस्ट, कुडू, शहामृग, पेलिकन असे तिसाहून जास्त जातींचे पशुपक्षी हिंडत असतात. खोलीच्या गॅलरीतून, हातात चहाचा कप घेऊन, ते बघायचे.

लॉबीत पाऊल टाकलं की मान आपोआप वर जाते. छताला गवती शाकारणी आणि जाड लाकडी वासे आहेत, आणि त्यावरून आफ्रिकी ढालींच्या आकाराची भलीमोठी झुंबरं सोडली आहेत. एका बाजूला काचेत नायजेरियातल्या इग्बो लोकांचा इजेले नावाचा मुखवटा ठेवला आहे. मुखवटा म्हटल्यावर चेहऱ्यावर बांधायचं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. हा १६ फूट उंच आहे. कापडाची पट्ट्यापट्ट्यांची रचना, त्यावर माणसांच्या, जनावरांच्या कितीतरी आकृत्या, आणि हे सगळं एका नर्तकाने अंगावर घेऊन नाचायचं. मी त्याच्यासमोर बसून रेखाटन केलं. लॉजभर अशा आफ्रिकी वस्तू मांडल्या आहेत, विणकाम, मणिकाम, लाकडी कोरीव काम. लोक पोहण्याच्या तलावाकडे जाताना त्यांच्यावरून नुसती नजर टाकून पुढे जातात. माझी विनंती आहे, लॉबीतल्या आणि बोळांतल्या कपाटांसाठी एक अख्खी सकाळ राखून ठेवा.

पण खरा आनंद गॅलरीतला. पहाटे उजाडायच्या सुमाराला उठून मी बाहेर बसले, तेव्हा कुरणावर धुकं होतं आणि काहीच दिसत नव्हतं. रात्री बरीचशी जनावरं आत बांधलेली असतात, ती सकाळी बाहेर सोडतात. थोड्या वेळाने एक जिराफ आला आणि आमच्या गॅलरीपासून फार तर पन्नास-साठ फुटांवर खांबाला लावलेला पाला खायला उभा राहिला. मी आयुष्यभर मुलांना जिराफ शिकवला तो पुस्तकातल्या चित्रावरून. प्रत्यक्षात बघताना पहिली गोष्ट कळली ती चालीची. एका बाजूचे पुढचा आणि मागचा पाय जवळजवळ एकदमच उचलले जातात, मग दुसऱ्या बाजूचे. त्यामुळे सगळं अंग संथपणे डोलतं आणि मान त्या डोलण्याला तोल देत पुढेमागे होते. जीभ काळपट जांभळी. ती पाल्याभोवती गुंडाळून फांदी ओरबाडून घेतो. पापण्या दाट आणि लांब. एवढ्या लांब मानेतही मणके सातच असतात, आपल्या मानेत असतात तितकेच, हे मला आधी माहीत होतं, पण समोर बघितल्यावर प्रत्येक मणका किती लांब असेल याचा अंदाज आला आणि माझी मानेची रेघ पहिल्यांदा बरोबर उमटली.

हे शेतकऱ्याच्या घरातले. त्यांना जिराफापेक्षा अंकोले गाईबैलांनी जास्त खिळवून ठेवलं. ही आफ्रिकेतली गुरं. आटपाडी-जतकडच्या खिल्लाराची शिंगं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना कल्पना येईल, तशीच ऐटबाज, पण बुडाशी माणसाच्या मांडीएवढी जाड आणि वर वीणेच्या आकारात फाकलेली. एवढं ओझं हे जनावर पेलतं कसं, हे यांनी तिथल्या मार्गदर्शकाला विचारलं. त्याने समजावलं की शिंगं आतून भरीव नसतात, त्यांत रक्तवाहिन्यांचं जाळं असतं आणि अंगातली उष्णता तिथून बाहेर पडते. लेकीने मधे बसून भाषांतर केलं, आणि दोघं बराच वेळ गुरांच्या वैरणीबद्दल, पान्ह्याबद्दल बोलत राहिले. तिथे काम करणाऱ्यांच्या छातीवरच्या बिल्ल्यावर नावाखाली त्यांचं गाव किंवा देश लिहिलेला असतो. लॉजमध्ये आफ्रिकेतल्या देशांमधून आलेली बरीच मंडळी भेटतात. त्यांच्याशी बोला. विचारलेलं त्यांना आवडतं आणि मनापासून सांगतात. रात्री अंधारात बघायच्या दुर्बिणीतून जनावरं दाखवायचाही कार्यक्रम असतो, त्याची वेळ लॉबीत विचारून घ्यायची.

खोलीबद्दल एक कामाची गोष्ट. कुरणाकडे तोंड असलेल्या खोलीला सॅव्हाना व्ह्यू म्हणतात, ती महाग. स्टँडर्ड व्ह्यूची खोली स्वस्त, तिच्यातून कुरण दिसत नाही. पण लॉबीच्या मागच्या बाजूने बाहेर पडलं की कुरणात घुसलेला दगडी उंचवटा आहे, आणि तिथून जनावरं तितकीच जवळून दिसतात. ज्याला चालायला अडचण नाही त्याने स्टँडर्ड खोली घ्यावी आणि उंचवट्यावर जाऊन बसावं. ज्यांना सारखं उठबस करणं जड जातं त्यांच्यासाठी मात्र गॅलरीचे पैसे सत्कारणी लागतात. यांनी दुपारचा आराम गॅलरीतल्या खुर्चीवरच केला.

जेवणाची काळजी करू नका. किदानी व्हिलेजमध्ये सनाआ नावाचं रेस्टॉरंट आहे, जांबोहून पायवाटेने चालत जाता येतं. त्याच्या काचांबाहेरही कुरणच आहे. तिथे आफ्रिकी आणि भारतीय चवींची सांगड घातली आहे, आणि तिथली ब्रेड सर्व्हिस नावाजलेली आहे. म्हणजे काय, तर साधा नान, आलं-लसणाचा नान, मसाल्याचा नान, कांद्याचा कुलचा आणि पनीर पराठा, आणि त्यांच्याबरोबर नऊ वाट्या. काकडीची कोशिंबीर, आंब्याची चटणी, चिंचेची चटणी, कोथिंबिरीची चटणी, लसणाचं लोणचं, लाल मिरचीचं सांबल, टोमॅटो-खजुराचा जॅम, असं बरंच काही. वाट्या ठेवायला लांबट ट्रे आणि सौम्यापासून तिखटापर्यंत रांगेने मांडलेल्या. लाल सांबल मी आधी जिभेच्या टोकाला लावून पाहिलं. आमच्या तोंडालाही झणझणीत लागलं, म्हणून सांगते, लहान मुलांपासून ती वाटी लांब ठेवा. टोमॅटो-खजुराचा जॅम घरी करून बघावासा वाटला. वीस डॉलरच्या वर जाते ही डिश, पण दोघांना हलकं दुपारचं जेवण होतं. शेजारच्या टेबलांवर सगळे अमेरिकन लोक पराठ्याचे तुकडे चटणीत बुडवून मन लावून खात होते. ते बघून मला फार बरं वाटलं.

जांबो हाउसमध्ये मारा नावाचं साधं उपाहारगृह आहे, ट्रे घेऊन जायचं. तिथल्या झेब्रा डोम नावाच्या छोट्या गोड घुमटांची लोक स्तुती करतात. त्यांत अमारुला हे मद्य असतं. शाकाहारी मंडळींनी गोड पदार्थांत जिलेटिन आहे का हेही विचारून घ्यावं, विचारलं की घटकांची यादी दाखवतात. घरचं खाणं आणायला हॉटेलात आडकाठी नाही. खोलीत फ्रीज असतो. आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि बेसनाचे लाडू बरोबर नेले होते, सकाळची सोय त्यावर झाली.

आता मोनोरेलची गोष्ट, आणि माझ्यासाठी सगळ्यांत मोठी भेट. लेक, जावई आणि नात एक दिवस मॅजिक किंगडम पार्कात गेले. नात पाच वर्षांची, तिचं वय आहे ते. आम्ही त्यांच्याबरोबर बसने पार्कच्या दारापर्यंत गेलो, त्यांना आत जाताना हात केला आणि रॅम्पने मोनोरेलच्या फलाटावर गेलो. पायऱ्या चढाव्या लागल्या नाहीत. रिसॉर्ट मोनोरेल नावाची गाडी तळ्याभोवती फिरते आणि कंटेम्पररी, पॉलिनेशियन आणि ग्रँड फ्लोरिडियन या हॉटेलांत थांबते. कितीही वेळा बसा, कुठेही उतरा.

कंटेम्पररी हॉटेल १९७१ चं, पहिल्या दोन हॉटेलांपैकी एक. त्याचा आकार इंग्रजी ए अक्षराचा. खोल्या जमिनीवर तयार करून क्रेनने सांगाड्यात बसवल्या होत्या. मोनोरेल या इमारतीच्या पोटातून आरपार जाते. गाडी आत शिरली आणि समोर जी भिंत आली ती बघून मी यांचा हात घट्ट धरला. मेरी ब्लेअर या चित्रकर्तीचं ९० फूट उंचीचं भित्तिचित्र, लिफ्टच्या खांबाला चारही बाजूंनी वेढलेलं. एक एक फुटाच्या सुमारे १८,००० फरशा हाताने रंगवून, भट्टीत भाजून जोडल्या आहेत. विषय ग्रँड कॅन्यनचा आणि तिथल्या मूळ रहिवाशांच्या मुलांचा. गोल चेहऱ्यांची मुलं, पक्षी, हरणं, फुलं, सगळं सपाट रंगात. सावली नाही, छटा नाही. केशरी, गुलाबी, मातकट, मधेच एखादा निळा.

एलिमेंटरीच्या परीक्षेत संकल्पचित्राचा पेपर असतो. त्यात मी मुलांना वर्षानुवर्षं सांगत आले की आकार सोपा करा, रंग मोजके घ्या, पण ते शेजारी शेजारी असे ठेवा की एकाने दुसऱ्याला उचलून धरलं पाहिजे. ही गोष्ट एका बाईने दहा मजली उंचीवर करून ठेवली आहे. फलाटावरून नीट बघितलं तर एका बोकडाला पाच पाय आहेत. मी ते पाय पुन्हा पुन्हा मोजले. आजूबाजूचे लोक गाडीत चढत उतरत होते, आणि मी फलाटावर उभी राहून वहीत रंगांच्या नोंदी करत होते. गाड्या येत राहिल्या, जात राहिल्या, कुणी हटकलं नाही. मग आम्ही जिन्याऐवजी लिफ्टने खालच्या मजल्यांवर जाऊन चित्राच्या बाकीच्या बाजू बघितल्या. मेरी ब्लेअरनेच १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड' या राइडची रंगसंगती ठरवली होती. ती राइड पार्कात आहे, तिकीट लागतं. हे चित्र बाहेर आहे आणि कुणालाही फुकट बघता येतं. चित्रकलेची आवड असलेल्या प्रत्येकाने ते बघावं असं मला अगदी कळकळीने वाटतं.

ग्रँड फ्लोरिडियन १९८८ चं, पांढऱ्या भिंती आणि लाल छपरांचं. आम्ही गेलो तेव्हा नाताळासाठी तिथल्या लॉबीत माणसाला आत उभं राहता येईल एवढं जिंजरब्रेडचं घर उभं केलं होतं, दालचिनी-लवंगेचा वास सगळीकडे पसरलेला होता. पियानो ऐकत थोडं बसलो आणि पुढे गेलो.

संध्याकाळ पॉलिनेशियनच्या वाळूवर काढावी. समोर माणसांनी खोदलेलं तळं आहे, पलीकडे सिंड्रेलाचा १८९ फूट उंचीचा किल्ला दिसतो. पाण्यात उतरायला मनाई आहे, पण वाळूत खुर्च्या असतात. तिथेच अननसाचं थंडगार डोल व्हिप मिळतं, त्यात दूध नसतं. अंधार पडल्यावर पार्कातली आतषबाजी तळ्यापलीकडून दिसते. किल्ल्याच्या पायथ्याशी जी गर्दी असते ती इथे नसते. मुलीचा फोन आला तेव्हा ती आत गर्दीत नातीला खांद्यावर घेऊन उभी होती, आणि तीच आतषबाजी आम्ही पाय पसरून बघत होतो. पाण्यातही तिचे रंग उमटत होते.

लहान मुलं बरोबर असतील तर आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन या हॉटेलात चक्कर मारा. डिस्ने स्प्रिंग्ज या खुल्या बाजारातून बस मिळते. तिथल्या लॉबीत भिंतभर चित्रं आहेत, कच्च्या पेन्सिल रेखाटनापासून रंगवलेल्या चित्रापर्यंत, आणि झुंबरसुद्धा चित्रांच्या कागदांचं. नातीला मी दाखवलं की बघ, आधी अशा चुकतमाकत रेघा असतात आणि मग त्यातून सिंह निघतो. बाहेर स्कायलायनरचं स्टेशन आहे. हे पाळणे २०१९ पासून सुरू आहेत. तळ्यांवरून, झाडांवरून नेतात. चाकाच्या खुर्चीसाठी पाळणा थांबवून चढवतात. डिस्ने स्प्रिंग्जमध्ये प्रवेश आणि पार्किंग दोन्ही फुकट. शेफ मनीत चौहान यांचं 'ईट' नावाचं रेस्टॉरंट तिथे २०२३ मध्ये सुरू झालं, त्यामुळे आम्ही गेलो तेव्हा भारतीय चवीचं जेवण तिथेही मिळत होतं. बाकी तो बाजारच आहे, एक संध्याकाळ पुरते.

अडचण आहे ती अंतरांची. एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात थेट बस नसते, पार्कच्या दाराशी किंवा डिस्ने स्प्रिंग्जला बदलावी लागते. अ‍ॅनिमल किंगडम लॉज तर एका टोकाला आहे. दिवसात एकच दिशा धरा, एक जाणं आणि एक येणं. आणि शाळकरी मुलं बरोबर असतील तर त्यांना पार्कच्या दारातून परत फिरवू नका, तो अन्याय होईल. मुलांनी आत जावं, थोरांनी बाहेर थांबावं, रात्री सगळ्यांनी एकत्र जेवावं, ही वाटणी आमच्या घराला मानवली.

खर्चाचं मोकळेपणाने सांगते. लॉज स्वस्त नाही. रात्रीचं भाडं चारशे डॉलरच्या पुढेच धरून चाला, नाताळात त्याहून बरंच जास्त, वर १२.५ टक्के कर. राहणाऱ्यांना पार्किंगचे वेगळे पैसे पडत नाहीत. पार्कचं एका दिवसाचं तिकीट माणशी शंभर डॉलरच्या वर आणि गर्दीच्या दिवसांत आणखी चढं, ते आम्हा दोघांचं वाचलं आणि गॅलरीच्या खोलीत गेलं. ज्यांना इतका खर्च नको त्यांनी पॉप सेंच्युरीसारख्या स्वस्त हॉटेलात उतरावं, स्कायलायनर तिथूनही आहे, आणि दुपारच्या जेवणाला सनाआमध्ये टेबल राखून लॉजवर यावं. टेबल ६० दिवस आधीपासून राखता येतं. काचेजवळचं मागा, आणि उजेड असतानाची वेळ घ्या, म्हणजे जेवता जेवता जिराफ दिसतील.